घरात मावणारी विमानवाहू नौका: आधी डेक, मग जहाज, मग मोहिमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला वन बीएचके घर, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. दोघांनी १९८५ सालच्या 'यू. एस. एस. फ्लॅग' या अवाढव्य खेळण्यातल्या विमानवाहू नौकेचे फोटो पाहिले आणि आता तसंच जहाज हवं म्हणून हट्ट धरलाय. विकत घ्यावं का, की घरी करता येईल? आणि केलंच तर 'ढिशुम ढिशुम' दोन दिवसांत संपून ते माळ्यावर जाऊ नये म्हणून काय करावं?

आधी फ्लॅगबद्दल. हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो मालिकेतल्या पावणेचार इंची बाहुल्यांसाठी ते काढलं होतं. लांबी साडेसात फूट, रुंदी सुमारे तीन फूट. आज मिळणारा नग चाळीस वर्षं जुना असतो. प्लास्टिक पिवळं पडलेलं, कठडे आणि अँटेना तुटलेले, वर परदेशातून आणण्याचा खर्च. संग्राहकाने घ्यावं, खेळणाऱ्या मुलांसाठी घेऊ नये. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पावणेचार इंची बाहुली म्हणजे साधारण १:१८ प्रमाण. अमेरिकेची खरी निमिट्झ वर्गाची विमानवाहू नौका ३३३ मीटर लांब असते, म्हणजे त्या प्रमाणात खेळणं साडेअठरा मीटरचं हवं. फ्लॅग त्याच्या एक अष्टमांश आहे. दिसायला प्रचंड, पण डेकवर एखाद-दुसरं जेट ठेवलं की जागा संपली. विमानवाहू नौकेची सगळी गंमत डेकवरच्या गर्दीत आहे: कोण कुठे उभं, कोणाला आधी सोडायचं, कोण आकाशात इंधन जाळत थांबलंय. जहाज किती लांब हे दुय्यम आहे, डेकवर किती विमानं मावतात हे पहिलं.

म्हणून माझा सल्ला १:१४४ प्रमाणाचा. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली आपली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. या प्रमाणात ती होते १८२ सेंमी बाय ४३ सेंमी. तिच्यावरचं लढाऊ जेट मिग-२९के होतं १२ सेंमी लांब, पंख पसरून सव्वाआठ सेंमी, पंख मिटून साडेपाच. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात हे विमान नीट बसतं आणि डेकवर आठ-नऊ विमानं मोकळेपणी उभी राहतात. आपण १८० बाय ४५ सेंमी धरू आणि ६० सेंमीचे तीन तुकडे करू. एक तुकडा इमारतीच्या लिफ्टमध्ये उभा मावतो, दिवाणाखाली आडवा सरकतो. अखंड १८० सेंमीचं जहाज मुंबईतल्या घरात कुणाच्या तरी पायाखाली येणारच.

सामान: सनबोर्डची, म्हणजे पाट्यांसाठी वापरतात त्या हलक्या प्लास्टिक फोमच्या बोर्डाची, ८ बाय ४ फुटी, ५ मिमी जाडीची एक शीट. डेक, बाजू, आतल्या आडव्या फळ्या आणि आयलंड म्हणजे डेकवरची इमारत, सगळं एका शीटमध्ये बसून थोडी उरते. रॅम्पसाठी ३ मिमीचा एक तुकडा वेगळा. पाट्या-बॅनर बनवणाऱ्यांकडे कापलेले तुकडे स्वस्तात मिळतात, तेही विचारा. नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटला, एलईडी आणि बॅटरीचे डबे लॅमिंग्टन रोडला, मणी-बटणं अब्दुल रहमान स्ट्रीटच्या आसपास. थर्माकोल नको: सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तो वाकताना तुटतो आणि स्प्रे पेंट मारला की विरघळतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, तोही नको. मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि तीन तुकड्यांचे सांधे पुन्हा कधी नीट बसत नाहीत.

सगळ्यात आधी डेक कापा. बाजू १२ सेंमी उंच आणि सरळ उभ्या ठेवा. खऱ्या जहाजाचं खाली निमुळतं होणारं पोट करायला जाऊ नका, ते जमिनीवर डगमगतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. खालचं धड २८ सेंमी रुंद, त्यात दर १५ सेंमीवर २८ बाय १२ सेंमीची एक आडवी फळी, म्हणजे प्रत्येक तुकड्यात दोन टोकं धरून पाच. मधल्या तुकड्याच्या फळ्यांना कमानीसारखी मोठी खाच पाडा, तिथे हँगर, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायची जागा, येईल. डेक दोन्ही बाजूंना साडेआठ सेंमी बाहेर येतं आणि मुलं नेमकी तिथेच कोपर टेकतात. तेव्हा प्रत्येक फळीच्या रेषेत खालून त्रिकोणी आधार द्या. हे आधार वगळले की पहिल्या आठवड्यातच डेकची कड वाकते. तिन्ही तुकडे मिळून वजन सहा-सात किलो भरतं.

चिकटवायला फेविबाँडसारखा रबरी गोंद वापरा: दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकटेनासा झाला की दाबायचा. पांढरा फेविकॉल सनबोर्डमध्ये मुरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा निघतो. ग्लूगनने सांधे पटकन होतात, पण मे महिन्यात खिडकीजवळ ठेवलेल्या जहाजाचे तेच सांधे पहिले सुटतात. फेविक्विक फक्त जागा धरण्यापुरतं, आणि ते मोठ्यांच्याच हातात.

तुकडे एकमेकांना जोडायला लोहचुंबक लावण्याचा मोह होईल. लावू नका. जहाज उचललं की सांधा उघडतो, आणि सुटलेला छोटा ताकदवान चुंबक मुलाने गिळला तर जिवावर बेततं. प्रत्येक सांध्याला ६ मिमीचे दोन बोल्ट आणि विंग नट पुरे. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर हवेतच, नाहीतर सनबोर्ड दाबला जाऊन भोक मोठं होतं. दोन्ही टोकांच्या फळ्या एकत्र धरून एकाच वेळी भोक पाडा. वेगवेगळी पाडलेली भोकं जुळत नाहीत आणि डेकवर मिलिमीटरभर पायरी राहते, तिथे विमानाचं चाक अडतं.

आता रॅम्प. विक्रांतच्या नाकाशी वर वळलेला स्की-जंप आहे, विमान स्वतःच्या जोरावर धावत त्यावरून हवेत फेकलं जातं. टोकाला १४ अंशांचा चढ आणि ३० सेंमी लांबी धरली तर खालच्या आधारपट्ट्यांची उंची अशी: सुरुवातीपासून ५ सेंमीवर १ मिमी, १० वर ४, १५ वर ९, २० वर १६, २५ वर २५ आणि ३० सेंमीवर ३६ मिमी. वर्गसंख्या आहेत, त्यामुळे लक्षात राहतात, आणि मुलीला गणित कुठे लागतं हेही आयतं दाखवता येतं. त्यावर ३ मिमीचा सनबोर्ड हेअर ड्रायरने कोमट करून बसवा. सरळ फळी तिरकी ठेवलीत तर सुरुवातीला कोन पडतो, विमानाचं नाक तिथे आपटतं आणि पुढचं चाक मोडतं.

उतरण्याची पट्टी मधल्या रेषेपासून डावीकडे ८ अंश तिरकी आखा, म्हणजे १०० सेंमीला १४ सेंमी सरकते. रुंदी १६ सेंमी. आयलंड आणि हँगरमधून विमानं डेकवर आणणाऱ्या दोन्ही लिफ्ट उजव्या अंगाला. लिफ्टचा ट्रे ९ बाय १४ सेंमी. हा ट्रे हमखास अडकतो, कारण एका बाजूने ओढला की तिरका होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना ५ सेंमी उंच उभ्या पट्ट्या लावा आणि त्या खोबणीतून सरकू द्या. उभी पट्टी जितकी उंच तितका ट्रे कमी तिरका होतो. मोटर लावायची घाई नको. हाताने ओढायची दोरी आणि पलीकडे नटांचं वजन, एवढ्यावर लिफ्ट अनेक वर्षं चालते.

अरेस्टर वायर, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला पकडणारी तार, हा सगळ्यात मजेदार भाग आहे आणि नेमका इथेच बहुतेक जण इलॅस्टिक वापरून फसतात. इलॅस्टिक विमानाला थांबवतं आणि लगेच मागे समुद्रात भिरकावतं. त्याऐवजी १ मिमीची विणलेली नायलॉन दोरी पट्टीवर आडवी घ्या. एक टोक पक्कं बांधा, दुसरं भोकातून डेकखाली सोडून त्याला १६ मिमीचे तीन नट लटकवा, साधारण १०० ग्रॅम. विमान दोरीला धरून पुढे गेलं की वजन वर उचललं जातं, वेग मरतो आणि मग वजन शांतपणे खाली येऊन दोरी पुन्हा ताणते. भोकात रिकाम्या रिफिलचा छोटा तुकडा बसवा, नाहीतर दोरी सनबोर्डला करवतीसारखी कापते. दोरीच्या दोन्ही टोकांशी ४ मिमीचे मणी ठेवले की ती डेकपासून तेवढीच उचललेली राहते. विक्रांतवर अशा तीन तारा आहेत. आपल्याही तीन, जहाजाच्या मागच्या टोकापासून २५, ३० आणि ३५ सेंमीवर.

विमान उतरवायचं ते दोऱ्यावरून. तिसऱ्या तारेच्या १२ सेंमी पुढे डेकवर एक आकडा बसवा. त्याला मासेमारीची ०.४ मिमीची तंगूस बांधून दुसरं टोक ३ मीटर मागे, सुमारे ८० सेंमी उंचीवर, मुलाच्या हातात द्या. विमानाच्या पाठीवर ४ सेंमी उंच काडी, तिच्या टोकाला स्ट्रॉचा तुकडा, शेपटीखाली पेपरक्लिपचा हूक. विमानाचं एकूण वजन ४० ग्रॅमच्या आसपास हवं. तयार किट हलकं असेल किंवा सनबोर्डमधून आकार कापला असेल, तर पोटाला छोटे नट चिकटवून वजन वाढवा. हलकं विमान दोऱ्यावरच अडकून बसतं. हात थोडा वर गेला की हूक तिन्ही तारा चुकवतो आणि विमान पुढे निघून जातं. खऱ्या वैमानिकांच्या भाषेत हा बोल्टर: तार चुकली, पुन्हा चक्कर मारून या. हात खाली गेला तर विमान डेकच्या मागच्या कडेवर आदळतं, म्हणून त्या कडेला आणि पुढच्या आकड्याला स्पंजची पट्टी लावा. फासे टाकून 'उतरलं की नाही' ठरवण्यापेक्षा हे कितीतरी पटीने चांगलं, कारण इथे हाताला सराव होतो आणि हात सुधारलेला दिसतो.

रंगाआधी सनबोर्डचा गुळगुळीतपणा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घालवा, नाहीतर रंग नखाने निघतो. पाण्यावरचे अॅक्रिलिक रंग, दोन पातळ हात. पावसाळ्यात रंगवलेले तुकडे एकमेकांवर रचू नका. वरून वाळलेले वाटतात, पण रात्रभरात चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला. दिव्यांना पेन्सिल सेलचा डबा वापरा, बटण सेल लहान मुलांच्या घरात नकोच.

डेकवरची माणसं या प्रमाणात जेमतेम १२ मिमीची, तेव्हा बाहुल्या विसरा. शर्टाच्या बटणावर दोन मणी, खालचा मोठा, वरचा छोटा, झाला खलाशी. मण्यांचे रंग मात्र जपून निवडा. अमेरिकी नौदलात डेकवर जर्सीच्या रंगावरून काम कळतं: पिवळा विमानांना जागा दाखवतो, जांभळा इंधन भरतो, लाल दारूगोळा आणि आग सांभाळतो, हिरवा अरेस्टर वायरची देखभाल बघतो. पिवळे, जांभळे आणि लाल दोन-दोन, हिरवा एक. यांची संख्या मुद्दाम कमी ठेवायची. का, ते पुढे.

आता मोहिमा. खेळ दोन दिवसांत संपतो कारण सगळे नुसते गोळ्या झाडतात आणि कुणालाच काही निवडावं लागत नाही. विमानवाहू नौकेवर निवड आपोआप येते, नियमांतून तिला फक्त वाट करून द्यायची.

मोठ्या कागदावर १२ बाय ८ चौकोन आखा, एक चौकोन २५ सागरी मैल. एक डाव म्हणजे खेळातला अर्धा तास. जहाज डावाला अर्धा चौकोन जातं, हेलिकॉप्टर दोन, जेट आठ. खऱ्या वेगांशी हे बऱ्यापैकी जुळतं. इंधन म्हणजे राजमा: जेटला जास्तीत जास्त चार दाणे, हेलिकॉप्टरला पाच, हवेत काढलेल्या प्रत्येक डावाला एक दाणा बशीत. दाणे संपले आणि विमान हवेतच असेल तर ते समुद्रात. इंधन भरायला एक जांभळा खलाशी पूर्ण डाव अडकतो, शस्त्रं चढवायला एक लाल. पिवळा नसेल तर विमान डेकवर हलत नाही. दोनच जांभळे असल्यामुळे चार विमानं एकदम तयार होत नाहीत, आणि कमांडरला रांग लावावी लागते. हिरव्याचं काम एकच: तार पकडल्यावर दोरी सरळ केल्याशिवाय पुढचं विमान उतरत नाही.

डावात दोन उड्डाणं किंवा दोन उतरणी, दोन्ही मिळून नाहीत. हलकं जेट, म्हणजे दोन दाणे आणि एक शस्त्र, जवळच्या जागेवरून उडतं. पूर्ण भरलेल्या जेटला लांब धाव लागते, ती उतरण्याच्या पट्टीवरूनच सुरू होते, म्हणून ते उभं केलं की पट्टी त्या आणि पुढच्या डावासाठी बंद. स्की-जंपच्या जहाजांची ही खरीखुरी अडचण आहे.

आणि वारा. जेट उडवताना किंवा उतरवताना जहाजाचं नाक वाऱ्याकडे हवं. म्हणजे त्या डावात वारा जिकडून येतो तिकडेच जहाज अर्धा चौकोन जाणार, तुम्हाला हवं असो वा नसो. आपल्या अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पावसाळी मोहिमेत प्रत्येक उतरणीला जहाज मुंबईपासून दूर सरकतं. हेलिकॉप्टरना ही अट नाही.

एक मोहीम पूर्ण देतो. जून महिना, वारा नैर्ऋत्येचा. बॉम्बे हायजवळच्या एका तेलफलाटावर २० कामगार अडकलेत, बाराव्या डावाच्या शेवटी वादळ पोहोचतं. फलाट जहाजापासून ईशान्येला सहा चौकोनांवर. दोन हेलिकॉप्टर, प्रत्येकात दहा माणसं. पण दोन जेट आधीच हवेत आहेत, दोघांकडे तीन-तीन दाणे. हेलिकॉप्टरला जायला दोन डाव, माणसं घ्यायला एक, यायला दोन, म्हणजे पाच दाण्यांत ते चार चौकोनांपर्यंतच जाऊन येऊ शकतं. जेट उतरवायला जहाज नैर्ऋत्येला वळलं की अंतर साडेसहा होतं. तिथून चारवर यायला पाच डाव, सातव्या डावाला हेलिकॉप्टर निघतात, आठव्याच्या शेवटी फलाटावर, नववा माणसं घेण्यात. जहाजही पुढे येत असतं, तेव्हा दहाव्या डावाच्या शेवटी सगळे डेकवर. आता एखादा बोल्टर झाला तर? उतरणीचा एक डाव वाढला, आणि तेवढ्यात दूर गेलेलं अंतर भरून काढायला आणखी एक. म्हणजे बारावा डाव. दुसरा बोल्टर परवडत नाही. मुलाच्या हातातली तंगूस थरथरायला लागते ती इथे. मुलीला ही आकडेमोड आधी सांगू नका, राजमा मोजत ती स्वतः पोहोचेल, आणि एक जेट समुद्रात सोडून वैमानिकाला हेलिकॉप्टरने उचलावं का, हा प्रश्न तीच काढेल. त्याचं उत्तर नियमांत ठेवू नका, दोघांना भांडून ठरवू द्या.

अडथळ्यांसाठी पत्त्यांएवढी वीस कार्डं करा, दर तीन डावांनी एक उचलायचं. लिफ्ट बंद, धुकं, डेकवर सांडलेलं तेल, हरवलेली मासेमारी बोट, पाणबुडीचा माग. एक कार्ड इतिहासातलं ठेवा: 'एक बॉयलर बंद'. १९७१ च्या युद्धात जुन्या विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, त्यामुळे तिचा वेग मर्यादित होता, आणि तरीही ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला. हे कार्ड निघालं की जहाजाचा वेग निम्मा आणि लांब धावेचं जेट उडणार नाही, फक्त हलकी. मुलं या कार्डावर चिडतात आणि याच कार्डाच्या मोहिमा त्यांच्या लक्षात राहतात.

शत्रू काल्पनिकच ठेवा. खऱ्या शेजारी देशाचं नाव दिलं की त्या बाजूने खेळायला कुणी तयार होत नाही आणि खेळ एकतर्फी होतो. मुलांनाच दोन बेटराष्ट्रं रचू द्या, झेंडे, बंदरं, कशावरून भांडण आहे ते सगळं. भांडणाचं कारण ठोस हवं: गोड्या पाण्याचं बेट, मासेमारीची हद्द, बुडालेलं मालवाहू जहाज. 'जग जिंकायचंय' असा शत्रू दुसऱ्या मोहिमेतच कंटाळवाणा होतो, कारण त्याच्याशी बोलणी होऊ शकत नाहीत. आणि बोलणी व्हायला हवीत: दर मोहिमेला प्रत्येक बाजूने एक चिठ्ठी पाठवायची, समोरच्याने तिला उत्तर द्यायचंच.

एका बैठकीला दीड तास पुरे, बारा डाव तेवढ्यात होतात. मुलगी नकाशा आणि इंधन बघेल, मुलगा डेक आणि उतरणी, पुढच्या वेळी अदलाबदल. अदलाबदल सक्तीची ठेवा, नाहीतर धाकटा कायम दोरा धरून राहतो. डेकवर आपटून मोडलेलं विमान लगेच चिकटवून परत देऊ नका. पुढच्या मोहिमेत ते हँगरमध्ये दुरुस्तीला, आणि गोंद वाळेपर्यंत खरोखरच वाट बघायची. वहीत प्रत्येक मोहिमेची तारीख, वारा, किती विमानं गेली, किती परत आली आणि कोणती तार पकडली एवढंच लिहायचं. दहाएक नोंदी झाल्या की बहुतेक उतरणी दुसऱ्या तारेवर होताना दिसतील. तेव्हा तंगूस धरायची उंची ८० वरून ९० सेंमी करा, उतार वाढेल, विमान जोरात येईल. त्यासाठी तिन्ही दोऱ्यांच्या वजनात एकेक नट वाढवावा लागेल.